परिचारिकांसाठी करसवलती

परिचर्येच्या व्यवसायात नवी माणसे यावीत, आलेली टिकावीत आणि जिथे जायला कोणी तयार नसते अशा गावांत त्यांनी काम करावे, म्हणून सरकारने करात दिलेली सूट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाख कमी पडत होत्या. पगार वाढवायचा तर अंदाजपत्रकात खर्च दाखवावा लागतो. करसवलतीत पैसा तिजोरीत येण्याआधीच सोडून दिलेला असतो, त्यामुळे तो डोळ्यांवर येत नाही. राज्यकर्त्यांना हा मार्ग आवडतो याचे एक कारण हेच.

सवलत वजावटीच्या रूपाने दिली तर करपात्र उत्पन्न घटते आणि ज्याचा कराचा टप्पा वरचा त्याला जास्त लाभ होतो. टॅक्स क्रेडिट दिले तर भरायच्या करातूनच रक्कम कमी होते. मात्र क्रेडिट परताव्याचे नसेल आणि कर २०० डॉलरच निघत असेल, तर १,००० डॉलरच्या क्रेडिटमधले ८०० वाया जातात. नुकत्याच कामाला लागलेल्या परिचारिकेचा कर मुळात थोडा असतो. या साधनाची खरी अडचण तिथेच आहे.

तरुणांवर नेम धरलेले उदाहरण कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात सापडते. तिथे २०२२ च्या कायद्याने कुशल कारागिरीत काम करणाऱ्या ३० वर्षांखालील तरुणांना पहिल्या ५०,००० डॉलर उत्पन्नावरचा प्रांतिक कर परत मिळू लागला. सुतार आणि वीजतंत्री यांच्यासाठी आखलेल्या या योजनेत पुढे परिचारिकाही आल्या. ऑस्ट्रेलियात सार्वजनिक रुग्णालयाचे कर्मचारी वर्षाला ९,०१० डॉलरपर्यंतचे घरभाडे, कर्जाचे हप्ते किंवा किराणा करपूर्व पगारातून भागवू शकतात. त्याला सॅलरी पॅकेजिंग म्हणतात. ते लिपिकालाही मिळते, त्यामुळे त्याला परिचर्येची सवलत म्हणणे ताणलेले ठरेल. पण सरकारी रुग्णालय सोडून खासगीत जावे का, याचा हिशेब करताना तिथल्या परिचारिका ही रक्कम धरतात.

अमेरिकेत राज्यागणिक तऱ्हा निराळी. ऑरेगॉनने १९८९ मध्ये ग्रामीण वैद्यक व्यावसायिकांसाठी क्रेडिट सुरू केले आणि त्यात नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः तपासून औषध लिहून देऊ शकणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिका, घेतल्या. न्यू मेक्सिकोने २००७ मध्ये तसाच कायदा केला : डॉक्टरांना ५,००० डॉलर, नर्स प्रॅक्टिशनर आणि नर्स मिडवाइफ (बाळंतपण करणाऱ्या परिचारिका) यांना ३,०००. वॉर्डात दिवसरात्र उभ्या राहणाऱ्या नोंदणीकृत परिचारिकेला त्यात जागा नव्हती. कोविडनंतर, २०२२ या एका करवर्षापुरते, त्या राज्याने रुग्णालयात पूर्णवेळ काम करणाऱ्या परिचारिकांना १,००० डॉलरचे क्रेडिट दिले. ग्रामीण सवलतीत त्यांचा समावेश झाला तो २०२४ च्या दुरुस्तीने. एका वर्षापुरत्या क्रेडिटकडे पाहून कोणी तीन-चार वर्षांच्या शिक्षणाला प्रवेश घेईल हे संभवत नाही. ते आभाराचे पाकीट होते.

कर्जफेडीच्या योजनांना लागणारा कर ही या विषयातली सर्वांत विचित्र गोष्ट. अमेरिकेत ठरावीक वर्षे टंचाईच्या भागात काम करण्याच्या अटीवर सरकार शैक्षणिक कर्ज फेडते. आपल्याकडच्या बंधपत्रासारखाच हा मामला, फक्त पैसे शिक्षण संपल्यावर मिळतात. अशी फेडलेली रक्कम तिथे एरवी उत्पन्न धरली जाते. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स प्रॅक्टिशनर अशांसाठीच्या नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर या योजनेत म्हणून कर्जफेडीच्या वर आणखी ३९ टक्के रक्कम केवळ कर भरता यावा यासाठी द्यावी लागे. सरकार एका हाताने देई आणि दुसऱ्या हाताने काढून घेई. २००४ च्या कायद्याने ही मदत करमुक्त झाली आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने राज्यांच्या तशाच योजनांनाही ती मुभा मिळाली. पण खास परिचारिकांसाठी असलेली नर्स कोअर योजना बाहेरच राहिली. तिच्यात दोन वर्षांच्या सेवेबद्दल कर्जाचा ६० टक्के आणि तिसऱ्या वर्षाबद्दल आणखी २५ टक्के भाग फेडला जातो, मात्र त्यावर केंद्रीय प्राप्तिकर कापला जातो. डॉक्टरादिकांची योजना करमुक्त आणि खास परिचारिकांची करपात्र, या भेदाचे पटण्याजोगे समर्थन देता येत नाही.

मुळात या व्यवसायात यायला माणसे तयार नसतात, हे गृहीतकच अमेरिकेपुरते तरी अर्धवट आहे. तिथल्या परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये पात्र उमेदवारांचे ९१,९३८ अर्ज परत पाठवले गेले. शिकवायला अध्यापक कमी आणि प्रत्यक्ष रुग्णापाशी उभे करून शिकवणारे अनुभवी हात त्याहून कमी. अशा मार्गदर्शकाला प्रिसेप्टर म्हणतात. आपले काम सांभाळून विद्यार्थ्याला सोबत घ्यायचे आणि मोबदला बहुतेकदा काहीच नाही. म्हणून काही राज्यांनी सवलत शिकणाऱ्याऐवजी शिकवणाऱ्याला देऊ केली.

सुरुवात जॉर्जियाने २०१४ मध्ये केली. विनामोबदला १६० तास शिकवल्यास डॉक्टरांना १,००० डॉलरची वजावट मिळे. राज्याचा कर ६ टक्के, म्हणजे हातात आले ६० डॉलर : ताशी ३८ सेंटसुद्धा नाही. २०१९ मध्ये वजावटीचे क्रेडिट झाले आणि उच्चशिक्षित परिचारिकाही पात्र ठरल्या. १६० तासांच्या पहिल्या तीन सत्रांना प्रत्येकी ३७५ डॉलर, पुढच्या सातांना प्रत्येकी ७५०. डॉक्टरांना त्याच तासांचे ५०० आणि १,०००. मेरिलँडने २०१६ मध्ये, कोलोराडोने त्याच सुमारास आणि हवाईने २०१८ मध्ये असे कायदे केले. मेरिलँडमध्ये नर्स प्रॅक्टिशनरांच्या क्रेडिटचा निधी त्यांच्याच परवाना-नूतनीकरणाच्या शुल्कातून उभा राहतो. एका परिचारिकेने भरलेले दुसरीला मिळते, म्हणजे ही भिशीच झाली. तरीही नेम योग्य जागी आहे, कारण जिथे वाट अडली आहे तिथेच पैसा पोचतो.

भारतात परिचारिकांसाठी वेगळी करसवलत नाही. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची वजावट (१९६१ च्या जुन्या आयकर कायद्यात कलम ८०ई) नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही लागू झाली, पण कोणत्याही उच्च शिक्षणासारखीच, आणि नव्या करप्रणालीत तीही मिळत नाही. अर्थात तिचा उपयोग तरी कोणाला? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० हून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेला किमान २०,००० रुपये महिना द्यावा अशी शिफारस केली. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर प्राप्तिकरच लागत नाही. जो कर भरायचाच नाही त्यात सूट काय देणार? सरकारी सेवेतल्या ज्येष्ठ अधिपरिचारिकेच्या बाबतीत हिशेब थोडा बदलतो. सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय परिचारिकांना दिलेला (सुरुवातीला ७,२०० रुपयांचा) मासिक परिचर्या भत्ता करपात्र उत्पन्नातच मोजला जातो.

महाराष्ट्रात कनिष्ठ परिचारिकेच्या पगारातून जो कर प्रत्यक्ष कापला जाऊ शकतो तो व्यवसाय कर. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. पुरुषांची माफीची मर्यादा ७,५०० वरच राहिली. त्यामुळे एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, २०,००० रुपये घेणाऱ्या सिस्टरचा व्यवसाय कर शून्य, आणि शेजारच्या ब्रदरचा वर्षाला २,५०० रुपये.