जाड पुस्तक, पक्कं कॅल्क्युलस?

जून उजाडला की सांगलीत विश्रामबागपासून गणपती पेठेपर्यंत एकच सल्ला ऐकू येतो: ‘बारावीच्या कॅल्क्युलसला बालभारतीनं काही होत नाही, जाडजूड ठोकळा घ्या.’ माझ्या दादानं घेतला होता. त्याची पहिली तीसेक पानं पिवळी पडलीत, बाकीची अजून कोरी करकरीत.

खरं तर बारावी विज्ञानाच्या बालभारती गणित भाग २ मधली पहिली सहा प्रकरणं कॅल्क्युलसचीच आहेत, डेरिव्हेटिव्हपासून डिफरन्शियल इक्वेशनपर्यंत. लिमिट आणि कंटिन्युइटी अकरावीत येते, आणि गाडी अडते ती बहुधा तिथंच.

कुठलंही पुस्तक घ्या, पण आधी एक गणित करून बघा. १/x² चं इंटिग्रेशन, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, -१ ते १. सूत्र आहे -१/x. किमती घातल्या की उत्तर येतं -२. आता आलेख काढा. सगळा x-अक्षाच्या वर! मग क्षेत्रफळ उणे कसं? कारण x = ० ला फंक्शनच अस्तित्वात नाही, तिथं ते अनंताकडे जातं. सूत्र लावायची अटच मोडली: -१ ते १ मध्ये फंक्शन सगळीकडे सलग, म्हणजे कंटिन्युअस, हवं. ही अट प्रमेयात एका ओळीत असते, आणि पोरं नेमकी तीच ओळ ओलांडून थेट उदाहरणांवर उडी मारतात.

म्हणून दुकानात पुस्तक चाळताना गणितं मोजत बसू नका. आकृत्या आहेत का, अटी का घातल्यात ते सांगितलंय का, एवढं बघा. घरी सोडवलेलं उदाहरण उत्तर झाकून स्वतः करा. अडलात तर एकच ओळ उघडायची.

जेईईवाल्यांना ठोकळा लागेल, पण तो दुसरं पुस्तक म्हणून, पहिलं नव्हे.