आजी कोणत्या बेटावरची?

एडिनबराच्या रॉयल माइलवर दुकानदार आडनाव विचारतात आणि त्या नावाचं टार्टन, म्हणजे चौकड्यांचं लोकरी कापड, पुढ्यात उलगडतात. कॅनडा-ऑस्ट्रेलियातून पूर्वजांचा माग काढत आलेल्या माणसाला तेवढ्यानंही भरून येतं. पण स्कॉटलंडमध्ये नुसत्या आडनावामागे गेलात, तर चकवा लागलाच म्हणून समजा. क्लॅनच्या, म्हणजे एकाच आडनावाच्या कुळाच्या, प्रमुखाची जमीन कसणारे, त्याच्या आश्रयाला आलेले अनेकजण त्याचंच आडनाव लावत. त्यामुळे दोन मॅकडोनाल्ड एकाच रक्ताचे असतीलच असं नाही.

खुद्द प्रमुखांच्या घराण्याची गोष्ट आणखी रंजक आहे. मॅकडोनाल्ड आपला वंश सोमरलेडपर्यंत नेतात. पश्चिमेकडच्या बेटांवर सत्ता गाजवणारा हा सरदार 1164 मध्ये रेनफ्र्यूच्या लढाईत पडला. परंपरेनं त्याचं पितृकुळ गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडचं, सांगितलं जायचं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. पिढ्यांगणिक त्यात एखाद-दुसरा बदल होतो, तेवढाच. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी क्लॅनच्या प्रमुखांची वाय गुणसूत्रं तपासली, तेव्हा ती एकमेकांशी जुळली. मात्र त्यांचा प्रकार निघाला नॉर्वेत सर्रास आढळणारा. म्हणजे ज्यानं नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडून आलेल्या, सत्तेशी झुंज दिली, त्याचा पितृवंश बहुधा नॉर्सच होता.

हे झालं फक्त एका धाग्याचं. दहा पिढ्या मागे गेलात तर वंशवृक्षात 1024 जागा असतात, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या पूर्वजांचा डीएनए तुमच्यात उरलेलाच नसतो. दर पिढीला निम्मा गळतो, तोही तुकड्या-तुकड्यांनी. डीएनए-चाचणीसाठी थुंकीची नळी पोस्टानं पाठवून आलेल्या वंशाच्या टक्केवारीवर म्हणूनच फार विसंबू नये. त्या टक्क्यांपेक्षा मला जुनं दप्तर कितीतरी जास्त भरवशाचं वाटतं.

आणि स्कॉटलंडचं दप्तर खरोखर श्रीमंत आहे. चर्चच्या नोंदवह्यांतली सर्वांत जुनी, एरल गावची, 1553 ची. 1 जानेवारी 1855 पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्या पहिल्या वर्षाचा जन्मदाखला हाती लागला तर नशीबच समजा! आई-वडिलांची वयं, त्यांची जन्मगावं, लग्न कुठे आणि कधी झालं, आधीची अपत्यं किती, सगळं एका कागदावर. कारकुनांना हे काम झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी झाले. आईचं माहेरचं आडनाव मात्र टिकलं, आणि तेच शोधणाऱ्याला तारतं. मुलांची नावं ठेवायची रीतही मदतीला येते: थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल होतीच. आता हे दप्तर एडिनबराच्या जनरल रजिस्टर हाउसमध्ये फी भरून पाहता येतं, घरबसल्या संगणकावरही.

या कागदांत मी सर्वांत आधी गावाचं नाव शोधायला सांगेन. त्याचं कारण उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर सापडतं. ही बेटं 1468 पर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होती. मुलीच्या हुंड्यापोटी ख्रिश्चन पहिला यानं ती स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि ती सोडवलीच गेली नाहीत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या लोकांच्या डीएनएचा सुमारे चौथा हिस्सा नॉर्वेकडचा दिसला. समुद्रानं वेढलेल्या लहान वस्तीत सोयरिकी आपसातच होत राहतात. मग एका पूर्वजात योगायोगानं आलेला दुर्मीळ बदल पाहता पाहता अनेक घरांत पोचतो.

वेस्ट्रे बेटावर नेमकं हेच घडलं. कर्कवॉलहून फेरीबोटीनं दीड तासाच्या आत तिथे पोचता येतं. वस्ती सहाशेच्या आसपास. आजी-आजोबा ऑर्कनीचे असलेल्या दर 100 जणांत सुमारे एकाकडे बीआरसीए-1 जनुकातला एक विशिष्ट बदल असल्याचं 2023 मध्ये ॲबर्डीन आणि एडिनबराच्या संशोधकांनी दाखवलं. बायकांमध्ये त्यामुळे स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. हा बदल असलेल्या बहुतेकांची मुळं वेस्ट्रेत निघाली. म्हणून आजी-आजोबांपैकी कुणी वेस्ट्रेत जन्मलं असेल, तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं जनुकचाचणी देऊ केली. धोका आधी कळला की तपासण्या लवकर सुरू करता येतात, शस्त्रक्रियेचा विचार वेळेत करता येतो.

ऑर्कनीच्या स्ट्रॉमनेस बंदरात कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीची जहाजं थांबत आणि पिढ्यानपिढ्या तिथली तरुण पोरं नोकरीसाठी कॅनडात जात. त्यांच्या पणत्या आज विनिपेगमध्ये असोत की टोरोंटोत, वंशवृक्षात वेस्ट्रेचं नाव दिसलं तर त्यांनी ते आपल्या डॉक्टरच्या कानावर जरूर घालावं.