पत्ता जुना, नेट चालू

सोमवारी सकाळी अकराला आमच्या ऑफिसात "नेट गेलं" अशी ओरड सुरू झाली. गेलं होतं मात्र काहींचंच. लेखा विभागात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघींपैकी एकीचं जीएसटीचं पान उघडत होतं, दुसरीचं नाही. दुसरीच्या संगणकावर मी कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग ८.८.८.८' दिलं, म्हणजे गूगलच्या एका सर्व्हरला नावाऐवजी थेट आकड्यांच्या पत्त्यावर हाक मारली. चारही वेळा उत्तर आलं. म्हणजे नेट होतं, नावावरून पत्ता तेवढा सापडत नव्हता.

ते काम डीएनएसचं. इंटरनेट लहान होतं तेव्हा सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ते झेपेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आज संगणक नाव घेऊन डीएनएस सर्व्हरकडे जातो आणि आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा आकड्यांतला पत्ता, घेऊन येतो. पण त्या सर्व्हरचाच पत्ता संगणकाला कोण सांगतं?

सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक' असेल, तर डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या संगणकांना पत्ते वाटणारी व्यवस्था. मला हा प्रकार फार आवडतो. नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाला स्वतःचा पत्ताच नसतो. म्हणून तो ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे जोडलेल्या सगळ्यांनाच, हाक मारतो: पत्ता देणारं कुणी आहे का? ही 'डिस्कव्हर'. सर्व्हर 'ऑफर' देतो, संगणक 'रिक्वेस्ट' करतो, सर्व्हर 'अ‍ॅक' पाठवून शिक्का मारतो. त्या अ‍ॅकमध्ये क्रमांक घातलेले रकाने असतात: ३ मध्ये गेटवे (बाहेरच्या जाळ्याकडे जाण्याचं दार), ६ मध्ये डीएनएस सर्व्हर, ५१ मध्ये पत्त्याची मुदत. घरभाड्याच्या करारासारखी ही मुदत विंडोज सर्व्हरवर, आपण बदलली नाही तर, ८ दिवसांची असते. निम्मी सरली की संगणक नूतनीकरण मागतो. तोवर रकाना ६ मध्ये तुम्ही काहीही बदला, चालू असलेल्या संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही.

आमच्याकडे तेच घडलं. शुक्रवारी संध्याकाळी मी रकाना ६ मध्ये नव्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता घातला आणि सोमवारी पावणेअकराला जुना सर्व्हर बंद केला. पहिली बाई शनिवारी मशीन बंद करून गेली होती, सोमवारी सुरू करताच तिला नवा पत्ता मिळाला. दुसरी नुसती स्क्रीन लॉक करून जाते. तिथे 'आयपीकॉन्फिग /ऑल' दिल्यावर दिसलं: करार गुरुवारी दुपारी बाराचा, डीएनएस जुनाच. आठातले चार दिवस सोमवारी बाराला सरणार होते, म्हणजे तेव्हा तो आपोआप दुरुस्त झाला असता. 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' दिलं आणि पान उघडलं.

रीस्टार्ट केल्यावर "बरं" होतं ते यामुळेच. यंत्राचा मूड, लागलेली नजर, सर्व्हर रूमच्या दारावरचं लिंबू-मिरची, कशाचाही त्यात संबंध नाही.

एक लॅपटॉप मात्र रिन्यू करूनही अडला. बाहेरची पानं उघडत, ऑफिसचा पेरोल नाही. कुणीतरी "नेट सुसाट होतं" म्हणून त्यात हाताने ८.८.८.८ घातलं होतं. हाताने घातलेलं असलं की डीएचसीपीने दिलेला डीएनएस बाजूला पडतो. गूगलच्या त्या सर्व्हरला आमच्या आतल्या यंत्रांची नावं माहीत असण्याचं कारणच नाही. तो "असं नाव नाही" म्हणतो, आणि तेही उत्तरच असल्याने संगणक दुसऱ्या सर्व्हरला विचारत नाही. डाउनलोडचा वेग तर यातून वाढत नाहीच.

जुना सर्व्हर मी दुपारी परत चालू केला. घरी नेलेल्या लॅपटॉपांचे करार संपेपर्यंत, म्हणजे शनिवारपर्यंत, तो चालू राहील.