विद्यापीठाच्या करारात अडकलेले औषध

एचआयव्ही पेशीत शिरला की आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतो आणि हे काम करणारे विकर एकेक घटक साखळीला जोडत पुढे सरकते. स्टॅव्ह्युडिन हे औषध त्यांपैकी थायमिडिन या घटकासारखे दिसते; मात्र पुढचा घटक ज्या टोकाला जोडला जावा, ते टोकच त्याला नसते. मागे जोडणीच नसलेला डबा गाडीला लागावा, तशी साखळी तेथे खुंटते. १९६०च्या दशकात कर्करोगासाठी बनवलेल्या आणि नंतर मागे पडलेल्या या रेणूचा एचआयव्हीवरील प्रभाव अमेरिकेतील येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ आणि ताई-शुन लिन यांनी दाखवून दिला. पेटंट येलकडे राहिले, विक्रीचा परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला मिळाला आणि १९९४ मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

२००१ साली दक्षिण आफ्रिकेत चाळीस लाखांहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झालेली होती, तर तीन औषधांच्या उपचाराचा एका रुग्णामागचा खर्च श्रीमंत देशांतील दराने वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने, स्टॅव्ह्युडिनचा समावेश असलेला हा उपचार ‘मेदसां सां फ्राँतिए’ या डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. म्हणजे अडसर रसायनशास्त्राचा उरला नव्हता. संघटनेने येलकडे दक्षिण आफ्रिकेत स्वस्त औषधाला वाट देण्याची मागणी केली, तेव्हा विद्यापीठाने ब्रिस्टल-मायर्स स्क्विबला दिलेल्या अनन्य, म्हणजे इतर कोणालाही न देता येणाऱ्या, परवान्याकडे बोट दाखवले.

हे उत्तर विद्यार्थ्यांना पटले नाही. कायद्याची विद्यार्थिनी एमी कॅप्चिन्स्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, वृत्तपत्रांना गाठले आणि खुद्द प्रुसॉफ यांचा पाठिंबा मिळवला. आफ्रिकेत जाऊन शिबिर भरवणे कदाचित अधिक दिसले असते. पण तिथल्या विषमतेचा एक धागा आपल्याच विद्यापीठाच्या कार्यालयात गुंतला आहे, हे त्यांनी ओळखले, आणि मला त्यांचे खरे कर्तृत्व यातच दिसते. १४ मार्च रोजी कंपनीने दक्षिण आफ्रिकेत या पेटंटचा हक्क न बजावण्याचे आणि किंमत घटवण्याचे जाहीर केले.

पुढे चेताविकार आणि चेहऱ्यावरील चरबी झडणे अशा दुष्परिणामांमुळे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्टॅव्ह्युडिनचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा सल्ला दिला. मात्र येलमधल्या या लढ्यातून उभी राहिलेली विद्यार्थी संघटना इतर विद्यापीठांतही पोहोचली. गरीब देशांसाठी स्वस्त उत्पादनाची अट परवाना देतानाच करारात घालावी, अशी तिची मागणी आहे.