प्योंगयांगशी वाटाघाटी : हेतूंच्या वादामागचा इतिहास

उत्तर कोरियाशी अण्वस्त्रांबाबत बोलणी व्हावीत अशी नुसती चर्चा निघाली, तरी जुना वाद उफाळून येतो. किम घराण्याला बॉम्ब सोडायचाच नाही, बोलणी म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा, असे एक बाजू म्हणते. त्या राजवटीला सुरक्षेची हमी आणि अमेरिकेची मान्यता हवी आहे, ती मिळाली तर सौदा होऊ शकतो, असे दुसरी म्हणते. गंमत नव्हे, पण अनेकदा दोघेही एकाच घटनेचा दाखला देतात.

उत्तर कोरियाने डिसेंबर १९८५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर (अण्वस्त्रे न बनवण्याचे वचन देणाऱ्या करारावर) सही केली ती सोव्हिएत संघाच्या आग्रहामुळे; बदल्यात वीजनिर्मितीसाठी अणुभट्ट्या मिळणार होत्या. पुढे सारेच फिरले. सप्टेंबर १९९० मध्ये मॉस्कोने आणि ऑगस्ट १९९२ मध्ये बीजिंगने दक्षिण कोरियाशी राजनैतिक संबंध जोडले. दोन्ही पाठीराखे शत्रूच्या दारात गेलेले पाहून प्योंगयांगने दोन वाटा एकदमच धरल्या : अमेरिकेशी बोलणे आणि योंगब्योनच्या अणुकेंद्रात बॉम्बला लागणारे प्लुटोनियम जमवणे. माझ्या मते वादाचे मूळ इथेच आहे. ‘बोलणी की बॉम्ब’ असा पर्याय त्या राजवटीपुढे सहसा नव्हताच.

१९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक योंगब्योनला पोहोचले. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम आपण एकदाच, १९९० मध्ये वेगळे केले, असे त्यांना सांगण्यात आले. नमुन्यांच्या तपासणीत मात्र हे काम १९८९, १९९० आणि १९९१ अशा तीन वेळा झाल्याचे दिसले. आणखी दोन ठिकाणे पाहू द्या, अशी मागणी होताच मार्च १९९३ मध्ये उत्तर कोरियाने करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि जूनमध्ये ती स्थगित ठेवली.

मे १९९४ मध्ये अणुभट्टीतून सुमारे ८,००० इंधनकांड्या बाहेर काढण्यात आल्या. कोणती कांडी भट्टीत कुठे होती हे कळले असते, तर आधी किती प्लुटोनियम काढले गेले याचा अंदाज बांधता आला असता. निरीक्षकांचा विरोध डावलून त्या अशा घाईने काढल्या गेल्या की तो माग कायमचा पुसला गेला. क्लिंटन सरकार योंगब्योनवर हल्ल्याचा विचार करू लागले. अशा वेळी माजी अध्यक्ष जिमी कार्टर प्योंगयांगला जाऊन तिथले सत्ताधीश किम इल सुंग यांना भेटले. किम ८ जुलैला वारले, तरी बोलणी तुटली नाहीत. २१ ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हात समझोता झाला. योंगब्योन गोठवायचे; मोबदल्यात प्रत्येकी सुमारे १,००० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या आणि दरवर्षी ५ लाख टन जड इंधन तेल.

आता दोन्ही बाजूंचे वागणे पाहा. सह्यांनंतर काही आठवड्यांतच अमेरिकी काँग्रेस रिपब्लिकन पक्षाकडे गेली आणि तेलासाठी पैसे मंजूर करतानाही खळखळ होऊ लागली. तेल उशिरा पोहोचे. अणुभट्ट्या २००३ पर्यंत व्हायच्या होत्या, पण काँक्रीट पडू लागले ऑगस्ट २००२ मध्ये. उत्तर कोरियात दुष्काळाने लाखो माणसे मेली होती. ही राजवट फार दिवसांची नाही, मग भट्ट्या पुऱ्या कराव्याच लागणार नाहीत, असा हिशेब वॉशिंग्टनमध्ये अनेकांनी केला होता. तिकडे प्योंगयांगने पाकिस्तानकडून युरेनियम समृद्ध करण्याचे तंत्र, म्हणजे बॉम्बची दुसरी वाट, मिळवले. पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांनी सुमारे दोन डझन सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे) तिकडे पोहोचवल्याचे पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. या देवघेवीची झळ भारताला थेट बसते : पाकिस्तानचे घौरी क्षेपणास्त्र हे उत्तर कोरियाच्या नोडाँगचेच रूप, आणि १९९९ मध्ये कांडला बंदरात अडवलेल्या उत्तर कोरियाच्या जहाजावर क्षेपणास्त्रांची सामग्री सापडली होती.

ऑक्टोबर २००२ मध्ये बुश सरकारने युरेनियमचा मुद्दा समोर ठेवला. तेल थांबले. डिसेंबरमध्ये योंगब्योनची सीले तोडली गेली, कॅमेरे निघाले, निरीक्षकांना घालवून देण्यात आले. १० जानेवारी २००३ रोजी उत्तर कोरियाने प्रसारबंदी करार सोडला आणि त्या ८,००० कांड्या प्लुटोनियम काढण्यासाठी पुनर्प्रक्रियेला गेल्या. आठ वर्षे त्या पाण्याच्या टाकीत देखरेखीखाली पडून होत्या. उत्तर कोरियाने फसवले यात शंका नाही. पण ते सिद्ध झाल्यावर हातातली देखरेखही सोडून देणे ही मला फार मोठी चूक वाटते. ऑक्टोबर २००६ मध्ये पहिली अणुचाचणी झाली.

त्याच्या वर्षभर आधी, १९ सप्टेंबर २००५ रोजी, सहा देशांच्या चर्चेत उत्तर कोरियाने सर्व अण्वस्त्रे सोडण्याचे लेखी मान्य केले होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या अर्थखात्याने मकाऊच्या एका बँकेवर ठपका ठेवला आणि तिथे उत्तर कोरियाचे सुमारे अडीच कोटी डॉलर अडकले. एक खाते सही करते आणि दुसरे नाड्या आवळते, तेव्हा अमेरिकेचा हेतू कोणता मानायचा? जून २००८ मध्ये योंगब्योनचा शीतकरण मनोरा कॅमेऱ्यांसमोर उडवण्यात आला. वर्षअखेरीला पडताळणीच्या अटींवरून चर्चा फिसकटली.

मग लिबिया आडवा आला. तिथले सत्ताधीश गद्दाफी यांनी २००३ मध्ये आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये नाटोच्या हवाई हल्ल्यांनंतर ते बंडखोरांच्या हाती सापडून मारले गेले. निःशस्त्र करून मग हल्ला करायचा ही अमेरिकेची चाल आहे, असे प्योंगयांगने त्याच वर्षी म्हटले. तरीही २०१८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी ‘लिबिया मॉडेल’चा उच्चार केला!

अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प आणि किम जोंग उन यांच्या सिंगापूरच्या जून २०१८ च्या भेटीवर आणखी एक गंभीर आक्षेप होता. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ मध्ये ज्या राजवटीवर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा ठपका ठेवला, तिच्या प्रमुखाला हस्तांदोलनाने प्रतिष्ठा मिळते आणि छावण्यांतल्या कैद्यांचे नावही निघत नाही. हा आक्षेप मला खोडता येत नाही. पण न बोलल्याने त्या कैद्यांपैकी कोणी सुटले असेही दिसत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये हनोईत झालेल्या दोघांच्या पुढच्या भेटीत किम जोंग उन यांनी योंगब्योन बंद करण्याची तयारी दाखवली. बदल्यात संयुक्त राष्ट्रांच्या ११ निर्बंध ठरावांपैकी पाचांमधील निर्बंध उठवायला हवे होते. योंगब्योनबाहेरच्या केंद्रांचे काय, असे अमेरिकेने विचारले आणि बैठक मोडली. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर कोरियाने कायदा करून आपला अण्वस्त्रसज्ज दर्जा अपरिवर्तनीय ठरवला. हनोईची तयारी खरी होती की नाही, हे योंगब्योनमध्ये उभे राहूनच तपासता आले असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना एप्रिल २००९ नंतर तिथे पाऊल ठेवता आलेले नाही.