पेरू कुणी फोडला, पोपटाने की खारीने?

झाडाखाली अर्धवट खाल्लेले पेरू दिसले की शिव्या पोपटालाच पडतात. पुष्कळदा त्या योग्य ठिकाणीच पडतात. पण साक्रीकडचा डाळिंबवाला असो की बांधावर चार पेरू लावलेला रावेरचा केळीवाला, चोर न ओळखता पाखरं बिचकवायची चमकपट्टी बांधली तर पैसे पाण्यात.

आधी फळ हातात घ्या. पोपटाची वरची चोच आकड्यासारखी असते. तो गराचा लचकाच तोडतो, त्यामुळे खड्डा खोल आणि कडा फाटलेल्या दिसतात. त्याचा डोळा गरापेक्षा बियांवर जास्त, म्हणून कच्चं फळही सुटत नाही. एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात फळ धरतो, दोन घास घेतो, टाकतो, पुढच्याकडे वळतो. खातो त्याहून नासाडी मोठी, खरा राग त्याचाच येतो.

खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे तिला कुरतडल्याशिवाय गत्यंतर नाही. तिने खाल्लेल्या जागी बारीक समांतर चरे दिसतात, पटाशीने तासल्यासारखे. फळ छोटं असेल तर मागच्या पायांवर बसून दोन्ही हातांनी धरून खाते.

आवाजावरून मात्र भलेभले फसतात. भर दुपारी निंबावर एकसारखं चिक्-चिक्-चिक् चाललंय आणि पक्षी काही दिसत नाही? ती खार. आवाजासरशी शेपटीही झटकत असते. बहुधा खाली मांजर आलेलं असतं. आपल्याकडची ही खार पाठीवर पाच पट्ट्यांची. पोपट उडता उडता केकाटतो, आणि सहसा थव्याने.

दोघंही दिवसाचे गडी. संध्याकाळी धड असलेलं फळ पहाटे फुटलेलं दिसलं आणि खाली चघळून थुंकलेला चोथा पडला असेल, तर या दोघांना सोडा. ते वटवाघूळ.

चमकपट्टीला पोपट काही दिवस बिचकतो, मग सरावतो. जाळी जास्त टिकाऊ. त्याला पकडून पिंजऱ्यात ठेवायचा विचारही नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. खारीला पट्टीचं काहीच वाटत नाही. शिवाय ती फळावर थांबत नाही, उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्याही कुरतडते. बांधावर पाण्याची एक-दोन पसरट भांडी भरून ठेवली तर हा त्रास कमी होऊ शकतो. पूर्ण थांबेल असं नाही, दात तर वाढतच असतात.