सह्याद्रीच्या कड्यातली लाल रेघ

पावसाळा सरल्यावर माळशेज घाटात समोरचे कडे नीट न्याहाळा. ताशीव काळा कडा, त्याखाली झाडीचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. हा सगळा एकावर एक साचलेला लाव्हा आहे. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवत गेला आणि टणक झाला, त्याचा कडा उरला. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ राहिला, तो झिजून उतार झाला. गडांच्या माच्या बऱ्याचदा अशाच सपाट टप्प्यांवर बसलेल्या दिसतात.

ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो. दख्खनचा बहुतेक लाव्हा मात्र तसा आलाच नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकता सरकता पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्थानावर आला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा वर आला आणि सखल भागाकडे पसरत गेला. त्यातले काही लोट थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे सह्याद्रीपासून सुमारे हजार किलोमीटर दूर पोहोचले असावेत. ते तप्त स्थान आजही जागं आहे. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरचा ज्वालामुखी त्याच्याच जोरावर अधूनमधून उसळतो.

आज हा काळा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. जाडी मात्र सगळीकडे सारखी नाही. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला भूगर्भात छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हा संपला. कोयना भागात तो सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाला. त्याखाली लागतो तो कोट्यवधी नव्हे, अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटी खडक.

पण मला या लाव्ह्यापेक्षा तो जिथे थांबला त्या जागा जास्त बोलक्या वाटतात. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाची एक रेघ दिसते. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर जाडीची. एक लोट निवला, ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग कुजला, त्याची माती झाली आणि मग पुढचा लोट येऊन तिच्यावर पसरला. एवढी माती तयार व्हायला बराच काळ जावा लागतो. म्हणजे ही रेघ हा दोन उद्रेकांमधला निवांत काळच आहे.

काही ठिकाणी हा निवांतपणा इतका लांबला की तळी साचली आणि त्यांत जीव नांदू लागले. मुंबईत वरळीच्या टेकडीत दोन थरांमधल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. ज्या रिचर्ड ओवेनने ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवला, त्यानेच १८४७ मध्ये या बेडकाला शास्त्रीय नाव दिलं. आज त्या परिसरात उंच इमारती आहेत.

लाल रेघेचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो डायनोसॉर कशामुळे नामशेष झाले या खटल्यात साक्षीला येतो. खडकाचं वय काढायला झिरकॉन या खनिजाचे स्फटिक फार कामाचे, कारण त्यांत युरेनियम अडकतं आणि ठरावीक गतीने त्याचं शिसं होत जातं. काळ्या पाषाणात झिरकॉन जवळजवळ नसतोच. मात्र मधल्या काळात दुसऱ्या एखाद्या उद्रेकाची राख येऊन त्या मातीत मिसळली असेल, तर तिच्यासोबत झिरकॉन येतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सह्याद्रीतल्या लाल थरांमधून असे बारीक कण वेचले. तिथल्याच बर्कले विद्यापीठाच्या गटाने वेगळी वाट धरली आणि लाव्ह्यातल्याच स्फटिकांमधल्या आर्गॉन वायूवरून वय काढलं. दोन्ही निष्कर्ष २०१९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, हे दोघांनाही मान्य.

भांडण पुढे आहे. मेक्सिकोत चिक्शुलूबला लघुग्रह आदळला तोही ६.६ कोटी वर्षांपूर्वीच. प्रिन्स्टनच्या हिशेबात त्याच्या थोडं आधी दख्खनमध्ये मोठा लोंढा आला होता. बर्कलेच्या हिशेबात जवळपास तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतरचा. पहिलं खरं असेल तर लाव्ह्यासोबत सुटलेल्या गंधकाच्या आणि कर्बाच्या वायूंनी हवामान आधीच बिघडवलं होतं, असं म्हणायला जागा राहते. आज बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष लघुग्रहालाच देतात, आणि मलाही पुरावा तिकडेच झुकलेला दिसतो. पण दख्खनला साफ निर्दोष सोडावं इतकी ही आकडेमोड अजून पक्की नाही.

विहीर खणणाऱ्याला यातलं काही सांगावं लागत नाही. अखंड काळा पाषाण लागला की त्याचा चेहरा पडतो, कारण त्यात फट नसेल तर पाणी नाही. दोन थरांच्या सांध्याशी, खालच्या थराच्या कुजलेल्या सच्छिद्र डोक्यात, झरा लागायची आशा असते. लाल माती चिकट असेल तर पाणी खाली न मुरता तिच्यावरून आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत कुठेतरी बाहेर पडतं.